घरी आईवडिलांचा मधुमेह सांभाळताना: आधी काय, मग काय

आईला मधुमेह होऊन १९ वर्षं झाली. त्यातली शेवटची सहा वर्षं तिची औषधं, इन्सुलिन आणि खाणंपिणं मी बघते. लालबागची चाळ, दुसरा मजला, संडास गॅलरीच्या टोकाला. सकाळी साडेआठला मी घर सोडते ते रात्री आठच्या आसपास परत येते. मधल्या वेळात ती, रेडिओ आणि शेजारच्या काकू.

सुरुवातीला मी सगळं उलट्या क्रमाने केलं. साखरेचा डबा वरच्या फळीवर ठेवला, चहात गूळ घातला, कारल्याचा रस सुरू केला आणि रिपोर्टमधला आकडा खाली आला की खूश व्हायची. गूळ आणि मध रक्तात जाऊन साखरेसारखेच वागतात, हेही तेव्हा माहीत नव्हतं. आई खऱ्या धोक्यात आली ती साखर वाढून नाही, उतरून. म्हणून हा लेख मी वेगळ्या क्रमाने लिहिते आहे. जे काही मिनिटांत घात करतं ते आधी, काही दिवसांत करतं ते त्यानंतर आणि वर्षं लावतं ते शेवटी.

साखर उतरणं: हे आज रात्रीच शिकून घ्या

एका संकष्टीची गोष्ट. चंद्रोदय साडेनऊनंतर होता. आईने सकाळची गोळी नेमाने घेतली होती, पण दिवसभरात पोटात गेले ते दोन कप चहा आणि मूठभर शेंगदाणे. मी घरी आले तेव्हा ती दाराशी मेथी निवडत बसली होती. पाहिलं तर पानं कागदावर टाकत होती आणि देठ परातीत ठेवत होती. "आई, हे काय करतेस?" म्हटलं, तर माझ्यावर खेकसली, "मला शिकवू नकोस." ती कधी असं बोलत नाही. ब्लाउज पाठीला चिकटलेला, कपाळ गार. साखर मोजायच्या मीटरवर आकडा आला ४८.

साखर ७० च्या खाली गेली की उतरली असं धरायचं, आणि ५४ च्या खाली म्हणजे गंभीर. थरथर, घाम, धडधड, भूक ही लक्षणं सगळे सांगतात. म्हाताऱ्या माणसात मात्र ती अनेकदा दिसतच नाहीत. त्याऐवजी चिडचिड, अडखळत बोलणं, भलतंच काहीतरी करणं, झोपाळलेपण दिसतं. आपण म्हणतो, वय झालं. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल तर धडधड आणि थरथर झाकली जाते, घाम तेवढा येतो. रात्री उशी घामाने भिजलेली असेल, वाईट स्वप्नं पडत असतील, सकाळी डोकं जड होत असेल, तर एकदा पहाटे तीनला साखर मोजून बघा.

आता उपाय. माणूस शुद्धीवर असेल, गिळू शकत असेल, तर:

१. तीन चमचे ग्लुकॉन-डी किंवा साखर पाण्यात ढवळून लगेच पाजा. म्हणजे साधारण १५ ग्रॅम.
२. १५ मिनिटं थांबा, पुन्हा मोजा. अजून ७० च्या खाली असेल तर तेवढंच पुन्हा द्या.
३. वर आली की पोळी-भाजी, दूध-पोहे असं काहीतरी खरं अन्न द्या.

पेढा, लाडू, चॉकलेट अशा वेळी कामाचं नाही. त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. आणखी एक बारकावा फार कमी घरांत माहीत असतो. गोळ्यांमध्ये व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर साधी साखर लवकर पचत नाही, तेव्हा ग्लुकोजच लागतं. म्हणून आमच्याकडे ग्लुकॉन-डीचा डबा देवघराशेजारी असतो आणि त्याची पुडी आईच्या बटव्यात.

माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, पाण्याचा घोटही नाही. तो श्वासनलिकेत जातो. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन लावा. रुग्णवाहिका येईपर्यंत जिना मोकळा करायला आणि खाली नेताना हात लावायला मजल्यावरच्या मुलांना हाक मारा. चाळीत ही माणसं मिळतात. टॉवरमध्ये राहत असाल तर वॉचमनचा नंबर आधीच घेऊन ठेवा.

डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा: "या गोळ्यांपैकी साखर उतरवणारी कोणती?" बहुधा उत्तर ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा ग्लिबेनक्लामाइड असं येईल, शिवाय इन्सुलिन. त्या पाकिटांवर मी लाल टिकली चिकटवली आहे. लाल टिकलीची गोळी म्हणजे खाणं ठरलेलं पाहिजे. या गोळ्यांनी उतरलेली साखर एकदा वर येऊन काही तासांनी पुन्हा उतरू शकते, मूत्रपिंड कमजोर असेल तर जास्तच. म्हणून त्या रात्री माणसाला एकटं ठेवू नका आणि डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा.

घाम आणि अस्वस्थपणा आहे पण मीटरवर साखर ठीक दिसते, असं झालं तर "जरा पडून राहा" म्हणू नका. जुन्या मधुमेहात हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येतो. नुसता घाम, धाप, मळमळ. सरळ हॉस्पिटल गाठा.

मीटर: आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी

मे महिन्यात एकदा आईची साखर ३४० आली. मी घाबरले, डॉक्टरांना फोन लावणार तेवढ्यात तिच्या बोटाला वास आला. तासाभरापूर्वी तिने शेजारच्या मुलांसाठी हापूस चिरले होते. साबणाने हात धुतले, पुसले, दुसऱ्या बोटाचं रक्त घेतलं: १६८. त्या ३४० वर कुणी इन्सुलिन वाढवलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार आजही नको वाटतो.

त्यामुळे साबणाने हात धुवा, पूर्ण कोरडे करा. सुई बोटाच्या मधोमध नको, कडेला टोचा, तिथे कमी दुखतं. बोटं आलटून पालटून घ्या. पट्ट्यांच्या डबीचं झाकण लगेच लावा. मुंबईच्या दमट हवेत उघड्या राहिलेल्या पट्ट्या खराब होतात आणि चुकीचे आकडे देतात. लॅबच्या आणि मीटरच्या आकड्यात १०-१५ टक्के फरक येतो, त्यावरून भांडू नका.

किती वेळा मोजायचं हे औषधावर अवलंबून. इन्सुलिन चालू असेल तर निदान उपाशीपोटी आणि रात्रीच्या जेवणाआधी. फक्त मेटफॉर्मिन असेल तर आठवड्यातून दोन-तीनदा पुरतं. जेवणानंतरची साखर पहिल्या घासापासून दोन तासांनी मोजतात, हात धुतल्यापासून नाही.

आकडे लिहायला मी वही आणली होती, ती हरवली. आता भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकटीतच लिहिते. त्याचा एक फायदा न ठरवताच मिळाला. एकादशी, चतुर्थी, सण, सगळं त्याच चौकटीत छापलेलं असतं. तीन महिन्यांची पानं डॉक्टरांपुढे ठेवली तेव्हा त्यांनी एका नजरेत दाखवलं: उपासाच्या दिवशी संध्याकाळी साखर उतरते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चढते. त्यावरून त्यांनी उपासाच्या दिवशीचा डोस वेगळा लिहून दिला.

इन्सुलिन

सगळ्यात घातक चूक आधी सांगते. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या बहुधा एका मिलिलिटरमध्ये ४० युनिटच्या असतात आणि इन्सुलिन टोचायच्या पेनमधली कार्ट्रिज, म्हणजे औषधाची नळी, १०० युनिटची. सिरिंजही दोन प्रकारच्या: ४० ची लाल टोपीची, १०० ची केशरी टोपीची. पेनमधलं औषध ४० च्या सिरिंजने ओढलंत तर त्याच रेघेला अडीच पट डोस जातो. केमिस्टकडून आणल्यावर बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळतो का, हे दरवेळी बघा. दुकानदार ओळखीचा असला तरी.

न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये, २ ते ८ अंशांत. फ्रीझरखालच्या कप्प्यात किंवा मागच्या भिंतीला टेकवून नको, तिथे ते गोठतं. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी टाकूनच द्यायचं. उघडलेली बाटली ३० अंशांखाली बाहेर ठेवली तर चालते, पण आमच्या पत्र्याच्या पोटमाळ्याखाली एप्रिल-मेमध्ये ३० कुठलं राहायला! मी ती फ्रिजच्या दारात ठेवते आणि टोचण्याआधी थोडा वेळ बाहेर काढते, कारण गार इन्सुलिन झोंबतं. उघडल्याची तारीख मार्करने बाटलीवर लिहा. साधारण चार आठवड्यांनंतर ती वापरू नका. गावाला जाताना बर्फाला थेट चिकटू देऊ नका आणि उन्हातल्या गाडीत पिशवी विसरू नका.

दुधी रंगाचं मिश्र इन्सुलिन जोरात हलवायचं नाही. दोन तळव्यांमध्ये दहा वेळा हळूच फिरवायचं. पेन असेल तर आधी दोन युनिट हवेत सोडून थेंब येतो का बघा. बेंबीपासून दोन बोटं सोडून पोटावर किंवा मांडीवर टोचा, आत गेल्यावर मनात दहापर्यंत मोजा आणि मग सुई काढा. जागा रोज बदला. आई वर्षभर उजव्या हाताला सोयीचं म्हणून एकाच ठिकाणी टोचून घेत होती. तिथे लिंबाएवढी मऊ गाठ झाली आणि तिथून औषध नीट शोषलंच जाईना. आम्ही डोस वाढवत राहिलो. जागा बदलल्यावर डोस कमी करावा लागला. अशी गाठ सापडली तर जागा बदलण्याआधी डॉक्टरांशी बोला, नाहीतर त्याच डोसने साखर उतरेल.

आमच्या घरातला नियम: ताटाची तयारी दिसल्याशिवाय सुई नाही. पावसात लोकल अडकली आणि मी दादरलाच उभी राहिले, असं अनेकदा होतं. अशा वेळी काकू आधी भात-वरण गरम करतात, मग आईच्या हातात इन्सुलिन देतात. जेवणाच्या किती आधी टोचायचं ते इन्सुलिनच्या प्रकारावर ठरतं, डॉक्टरांकडून मिनिटांत लिहून घ्या.

वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत, झाकण घट्ट लावून. कचरा उचलणाऱ्याच्या हातात आपल्या घरातली सुई घुसू नये.

पाय, आणि मुंबईचा पावसाळा

एका रात्री आईचा पाय पुसताना फडक्याला काहीतरी अडकलं. काचेच्या बांगडीचा तुकडा, टाचेत रुतलेला. कधीपासून, तिला ठाऊक नव्हतं. दुखलंच नव्हतं. मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात, रक्तपुरवठाही कमी होतो. दुखत नाही म्हणून जखम लपते आणि लपलेली जखम चिघळत जाते. पाय कापायची वेळ बहुतेकदा अशाच एखाद्या छोट्या जखमेपासून सुरू होते.

रोज रात्री पाच मिनिटं लागतात. साधं पाणी, साबण, मग जुन्या सुती साडीच्या फडक्याने बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. मोबाइलचा टॉर्च लावून तळवा बघा, बेचक्या बघा. चीर, फोड, लाली, एखादी जागा बाकीच्या पायापेक्षा गरम, पांढरी भिजलेली कातडी, काळपट डाग, यातलं काहीही दिसलं तर त्याच किंवा दुसऱ्या दिवशी डॉक्टर. टाचेला व्हॅसलीन लावा, बेचक्यात लावू नका, तिथे बुरशी होते. नखं सरळ कापा. कुरूप ब्लेडने तासू नका आणि त्यावर कॉर्न कॅप चिकटवू नका.

पाय ठणकतात म्हणून गरम पाण्यात बुडवणं किंवा गरम पाण्याची पिशवी ठेवणं, हे आपल्या घरांतलं प्रेमाचं काम आहे आणि इथे ते भाजण्याचं कारण होतं. पाणी कोपराने तपासा, तेही तुमच्या कोपराने.

घरातसुद्धा चप्पल पाहिजे. एमसीआर रबराची (मऊ तळव्याची), मागे पट्टा असलेली घ्या. संध्याकाळी विकत घ्या, कारण तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात आणि खरं माप कळतं. घालण्याआधी झटका. देवळात दुपारची तापलेली फरशी असेल तर मोजे घालू द्या. देवाला त्याचं काही वाटणार नाही.

जून ते सप्टेंबर जास्त जपा. हिंदमाता, परळ, शीव भागात पाणी तुंबलं की त्यात उंदरांचं मूत्र मिसळलेलं असतं आणि पायाला चीर असेल तर लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका असतो. पाण्यातून यावंच लागलं तर घरी आल्यावर पाय साबणाने धुवा, कोरडे करा, तपासा आणि २४ ते ७२ तासांच्या आत पालिकेच्या दवाखान्यात दाखवा. तिथे गरज पाहून प्रतिबंधक गोळी देतात. ओली चप्पल दुसऱ्या दिवशी पुन्हा घालू देऊ नका. पावसाळ्यापुरते दोन जोड ठेवा.

ताप, जुलाब, उलटी

खाल्लं नाही म्हणून इन्सुलिन पूर्ण बंद करणं ही नेहमीची चूक. तापात साखर न खाताही चढते. डोस कमी-जास्त होईल, पण ते डॉक्टरांना फोन करून. दर चार तासांनी मोजा, थोडं थोडं पाणी, ताक, पेज चालू ठेवा. मेटफॉर्मिन आणि डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या उलटी-जुलाबात थांबवायच्या का, हे आजारपण येण्याआधीच विचारून कागदावर लिहून घ्या. उलटी थांबत नाही, श्वास खोल आणि भरभर चालतो, गुंगी येते, तर घरी थांबू नका.

खाणं

इथे घराघरांत सगळ्यात जास्त भांडणं होतात, म्हणून माझं मत स्पष्ट सांगते. घरात वेगळा स्वयंपाक करू नका. आईला वेगळं ताट वाढलं की ती त्या घरात पाहुणी होते. ताटाची मांडणी बदला: अर्ध्या ताटात भाजी-कोशिंबीर, पाव भागात उसळ, वरण, मासे किंवा अंडं आणि उरलेल्या पाव भागात पोळी, भाकरी किंवा भात. "भात बंद, पोळी चालू" करून चार पोळ्या खाल्ल्या तर काही साधत नाही. ज्वारीची भाकरीसुद्धा साखर वाढवते, प्रमाणच महत्त्वाचं. कोशिंबीर आणि उसळ आधी खाऊन भात शेवटी घेतला तर साखर तेवढी उसळत नाही. आमच्याकडे एवढ्या एका बदलाने दुपारचे आकडे खाली आले.

चहाचा हिशेब मांडा. दिवसाला चार कप आणि प्रत्येकात दोन चमचे, म्हणजे आठ चमचे साखर. एकदम बंद केली तर आई चहाच सोडेल किंवा शेजारी जाऊन पिऊन येईल. दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करत गेलो, तिला जाणवलंही नाही. चहाबरोबरची खारी आणि बटर मैद्याचे असतात, ते विसरू नका. डब्यावर 'शुगर फ्री' लिहिलेल्या बिस्किटातही मैदा असतोच.

साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. उपास सोडायचा नसेल तर थोडी वरई, भरपूर शेंगदाण्याची आमटी, ताक, काकडी, आणि चंद्राची वाट न बघता ठरल्या वेळी काहीतरी पोटात. आईला हे पटायला वेळ लागला. अखेर तिनेच ठरवलं, संकष्टीला नैवेद्य दाखवून सात वाजता जेवायचं. हापूस खायचाच असेल तर अर्धा, आणि त्या जेवणात एक पोळी कमी. आमरस-पुरीनंतर वरून आंबा नको. गणपतीत एक मोदक जेवणातच धरा.

जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चालणं फार उपयोगी. पावसात शिवाजी पार्क विसरा. आई गॅलरीत या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारते आणि वाटेत चार दारांशी थांबून बोलते. फेऱ्या कमी होतात, पण त्या रोज होतात.

तपासण्या

एचबीए१सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी, दर तीन महिन्यांनी, सगळं स्थिर असेल तर सहा. सात हे लक्ष्य अनेकांना सांगतात, पण वय जास्त आणि इतर आजार असतील तर आठपर्यंतही चालवून घेतात. साखर उतरण्याचा धोका पत्करून सातच्या मागे लागू नका. वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा बाहुली मोठी करून तपासा. त्यानंतर काही तास अंधुक दिसतं, म्हणून सोबत जा. वर्षातून एकदा मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन, शिवाय कोलेस्टेरॉल, पायाची संवेदना. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर जीवनसत्त्व बी१२. गुडघ्यांसाठी केमिस्टकडून परस्पर वेदनाशामक गोळ्या घेऊ देऊ नका, त्या मूत्रपिंडावर येतात.

केईएम, शीव, नायर, कूपर या पालिकेच्या रुग्णालयांत ओपीडी आहे, घराजवळ 'आपला दवाखाना' असेल तर तिथे औषधं मोफत मिळतात, आणि कायमच्या गोळ्यांसाठी जनऔषधी दुकान स्वस्त पडतं. उपाशीपोटी रक्त द्यायला जाताना डबा आणि गोळ्या सोबत न्या. लाल टिकलीची गोळी घरी घेऊन रांगेत उपाशी उभं राहायचं नाही. रक्त द्या, डबा उघडा, मग गोळी.

त्यांचं मन

आईच्या कपाटात साड्यांखाली पेढ्यांची पुडी सापडली तेव्हा मी आरडाओरडा केला. ती म्हणाली, "मी काय तुझी कैदी आहे?" मी गप्प झाले. त्यानंतर पुडी उघड्यावर आली, दर रविवारी एक पेढा, जेवणात धरून. टोचायचं ती स्वतः, आकडा चौकटीत लिहायचं काम तिचं, मी फक्त रात्री बघते. हात थरथरतात तेव्हाच मदत करते. भूक मेली, कशात लक्ष लागत नाही, रडू येतं, असं दोन आठवड्यांहून जास्त टिकलं तर तेही डॉक्टरांना सांगा. मधुमेहाबरोबर उदासी खूपदा येते.

आणि आज एक कागद करा. फ्रिजच्या दारावर चिकटवा. मोठ्या अक्षरात: औषधांची नावं आणि वेळा, लाल टिकलीच्या गोळ्या, इन्सुलिनचं नाव, ४० की १०० आणि युनिट, डॉक्टरांचा नंबर, १०८, तुमचा नंबर, शेजाऱ्यांचा नंबर, ग्लुकॉन-डीचा डबा कुठे आहे ते. शेजारच्या काकूंना तो कागद वाचून दाखवा आणि त्यांच्या हाताने एकदा मीटर चालवून घ्या.